निशाण कोणाचे, भेट कोणाची? : जागतिक युवक महोत्सवांची कथा

इतिहासाच्या ग्रंथांत शांततेला स्थान मिळते ते बहुधा तहांच्या तारखांमुळे. कोणत्या राजधानीत कोणत्या मंत्र्याने कोणत्या कागदावर सही केली, हे शाळेतील मुलेही पाठ म्हणून दाखवतात. परंतु विसाव्या शतकात शांततेचा आणखी एक मार्ग चोखाळला गेला आणि त्याची नोंद तहनाम्यांत सापडत नाही. देशोदेशीच्या तरुणांना एका ठिकाणी बोलवावे, त्यांना एकत्र जेवू द्यावे, गाऊ द्यावे, आणि ज्यांच्यावर उद्या बंदूक रोखण्याची आज्ञा होईल त्यांची तोंडओळख तरी आज करून द्यावी, असा हा मार्ग होता.

आमच्या वाचकांना ‘जागतिक युवा दिन’ चांगला परिचयाचा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुरू केलेला हा सोहळा आज कॅथलिक जगाच्या दिनदर्शिकेचा भाग झाला आहे. मात्र त्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी, अगदी वेगळ्या निशाणाखाली, तरुणांच्या जागतिक मेळाव्यांची दुसरी एक मालिका सुरू झाली होती. तिचे नाव ‘युवक आणि विद्यार्थ्यांचा जागतिक महोत्सव’, आणि ‘शांतता व मैत्री’ हे तिचे ब्रीद. निशाण साम्यवाद्यांचे असल्यामुळे ख्रिस्तसभेने तिच्याकडे संशयाने पाहिले. तो संशय निराधार नव्हता, हे पुढील हकिकतीवरून दिसेलच. तरीही या महोत्सवांचा इतिहास वाचताना आमच्या मनात एक विचार पुन्हा पुन्हा येत गेला : मेळावा भरवणाऱ्याला निशाण ठरवता येते, घोषवाक्य ठरवता येते, पाहुण्यांची यादीही ठरवता येते, परंतु दोन तरुण समोरासमोर आल्यावर त्यांच्यात काय घडावे, हे मात्र त्याला ठरवता येत नाही. हा विचार कितपत खरा आहे, ते या लेखात पडताळून पाहावे असा आमचा मानस आहे.

बिएरव्हिलची पेरणी

या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास आपल्याला एका कॅथलिक गृहस्थापाशी थांबावे लागते. फ्रान्समधील मार्क सान्ये यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सियों’ नावाची चळवळ उभारली होती. ‘सियों’ म्हणजे नांगराची तास. कामगार आणि शिकलेले तरुण यांना श्रद्धेच्या व लोकशाहीच्या सूत्राने बांधावे, हा तिचा हेतू. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी या चळवळीच्या विचारांतील काही दोष दाखवून तिचा निषेध केला, तेव्हा सान्ये यांनी निमूटपणे आज्ञा मानली आणि चळवळ विसर्जित केली. पुढे पहिले महायुद्ध आले. सान्ये स्वतः त्या युद्धात सैनिक होते. युद्ध संपल्यावर, फ्रान्समध्ये जर्मन माणसाचे नाव काढणेही कठीण असताना, त्यांनी १९२१ मध्ये पॅरिस येथे शांतता परिषद भरवली आणि तिला जर्मनांना बोलावले.

ऑगस्ट १९२६ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेस बिएरव्हिल या गावी, सान्ये यांच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर मोठा मेळावा भरला. ‘तरुणांच्या द्वारे शांतता’ हा त्याचा विषय होता. पाच हजारांहून अधिक तरुण आले आणि त्यांतील सुमारे निम्मे जर्मन होते. व्हर्दूंच्या रणभूमीवर फ्रेंच व जर्मन सैनिक लाखांनी पडले, त्याला त्या वेळी जेमतेम दहा वर्षे झाली होती. ज्यांचे बाप आणि थोरले भाऊ एकमेकांच्या गोळ्यांनी मेले, ते तरुण तंबू ठोकून एकाच कुरणावर राहिले.

या पेरणीचे पीक काय आले? व्यवहारी माणूस म्हणेल, काहीच नाही. सात वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि चौदा वर्षांनी जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले. बिएरव्हिलच्या तंबूंत शेजारी झोपलेले काही जण तेव्हा एकमेकांवर नेम धरून उभे असतील. सान्ये यांनाही १९४४ मध्ये जर्मन गुप्त पोलिसांनी तुरुंगात टाकले. हे सारे सत्य आहे, आणि तरुणांच्या मेळाव्यांकडून फार मोठ्या अपेक्षा बाळगणाऱ्याने ते विसरता कामा नये. मेळावा युद्ध थांबवत नाही. तो फार तर युद्धानंतरच्या समेटासाठी थोडे बियाणे राखून ठेवतो.

प्राग, १९४७

दुसरे महायुद्ध संपताच नोव्हेंबर १९४५ मध्ये लंडन येथे अनेक देशांचे तरुण प्रतिनिधी जमले आणि ‘लोकशाहीवादी तरुणांचा जागतिक महासंघ’ स्थापन झाला. पुढल्या वर्षी प्राग येथे विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय संघ जन्मास आला. या दोन संस्थांनी मिळून १९४७ च्या उन्हाळ्यात प्राग येथे पहिला जागतिक महोत्सव भरवला. ७१ देशांतून सुमारे १७,००० तरुण आले.

प्रागची निवड सहेतुक होती. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी सत्तेने या शहरात नऊ जणांना, त्यांतील बहुतेक विद्यार्थी पुढारी, विनाचौकशी ठार केले, चेक विद्यापीठे बंद केली आणि सुमारे १,२०० विद्यार्थ्यांना छळछावणीत धाडले. १९४२ मध्ये प्रागजवळचे लिदित्से हे गाव सूडापोटी जमीनदोस्त करण्यात आले. त्या आठवणी ताज्या असताना तरुण तेथे जमले होते. ‘पुन्हा युद्ध नको’ हे शब्द त्यांच्या तोंडी फुकाचे नव्हते. स्वतः प्रागचे आर्चबिशप योसेफ बेरान हे डाखाउच्या छळछावणीतून जिवंत परतलेले होते. त्या एका उन्हाळ्यात तरी साम्यवादी आणि कॅथलिक यांच्या दुःखाचे मूळ एकच होते, असे म्हणता येईल.

पण तो उन्हाळा फार टिकला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात साम्यवाद्यांनी सत्ता हस्तगत केली. युवक महासंघातही सोव्हिएत बाजूचे वर्चस्व वाढत गेले आणि पाश्चात्त्य देशांतील अनेक संघटना त्यातून बाहेर पडल्या. महोत्सव चालू राहिले, परंतु त्यांचा यजमान आता एक सत्ता होती आणि ‘शांतता’ हा त्या सत्तेच्या शब्दकोशातील शब्द झाला होता.

तीन शहरे, तीन कैदी

दुसरा महोत्सव ऑगस्ट १९४९ मध्ये बुडापेस्ट येथे भरला. शहर पताकांनी सजले होते. त्याच शहरात सहाच महिन्यांपूर्वी हंगेरीचे कार्डिनल योझेफ मिन्सेन्टी यांच्यावर खटल्याचा फार्स होऊन त्यांना जन्मठेप झाली होती. ज्या प्रागमध्ये पहिला महोत्सव झाला, तेथे आर्चबिशप बेरान यांना जून १९४९ पासून स्थानबद्ध करण्यात आले. पुढे १९५५ मध्ये पाचवा महोत्सव वॉर्सा येथे झाला, तेव्हा पोलंडचे कार्डिनल स्तेफान व्यिशिन्स्की हे सप्टेंबर १९५३ पासून नजरकैदेत होते. तीन शहरे, तीन महोत्सव आणि तीन बंदिवान धर्माध्यक्ष. कबुतरे आकाशात सोडली जात असताना ही माणसे भिंतींआड होती. त्यांच्याविषयी महोत्सवाच्या व्यासपीठावरून एक शब्दही निघाला नाही.

ख्रिस्तसभेचा संशय निराधार नव्हता, असे आम्ही म्हटले ते यासाठी. जी शांतता काही माणसांची नावे उच्चारू देत नाही, ती शांतता नव्हे. ती नुसती सामसूम. जुलै १९४९ मध्ये व्हॅटिकनने साम्यवादी पक्षात सामील होणाऱ्या कॅथलिकांना साक्रामेंतांपासून दूर ठेवण्याचा हुकूम काढला. दोन्ही बाजूंची दारे बंद झाली. पाश्चात्त्य सरकारांनीही आपल्या तरुणांना महोत्सवाला जाण्यापासून शक्य त्या उपायांनी परावृत्त केले. १९५१ मध्ये पूर्व बर्लिनच्या महोत्सवास निघालेल्या ब्रिटिश व फ्रेंच तरुणांच्या टोळ्यांना ऑस्ट्रियातील अमेरिकन सैनिकांनी वाटेतच अडवले. ‘शांतता’ या शब्दाची अशी दुर्दशा झाली होती की एका बाजूस तो आज्ञा होता, तर दुसऱ्या बाजूस आरोप.

वॉर्सा आणि मॉस्को

मात्र याच काळात, यजमानांच्या ध्यानीमनी नसताना, काही वेगळे घडू लागले.

वॉर्साचा महोत्सव ३१ जुलै ते १४ ऑगस्ट १९५५ या दिवसांत झाला. शहर युद्धात जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झालेले. त्याच्याच ढिगाऱ्यांतील विटा-मातीचा भराव घालून व्हिस्तुला नदीकाठी नवे क्रीडांगण उभारले होते. ११४ देशांतून सुमारे ३०,००० तरुण आले. पोलंडची तरुण पिढी दहा वर्षे परक्या जगापासून तोडलेली होती. परदेशी माणूस म्हणजे हेर, परदेशी संगीत म्हणजे विष, असे तिला शिकवले गेले होते. आता इटालियन, फ्रेंच, आफ्रिकी, अरब तरुण रंगीबेरंगी कपड्यांत तिच्या रस्त्यांवर नाचत होते आणि त्यांच्यापैकी कित्येक स्वतःला साम्यवादी म्हणवत होते! साम्यवादी असूनही माणूस हसू शकतो, हवे तसे चित्र काढू शकतो, हवा तो प्रश्न विचारू शकतो, हा शोध पोलिश तरुणांना त्या दोन आठवड्यांत लागला.

महोत्सवाच्या निमित्ताने वॉर्साच्या जुन्या शस्त्रागारात तरुण चित्रकारांचे प्रदर्शन भरले. विषय सरकारी होता : युद्धाचा आणि फॅसिझमचा निषेध. परंतु चित्रे सरकारी साच्याची नव्हती आणि पोलिश कलेच्या इतिहासात ते प्रदर्शन त्या साच्याला तडा देणारे म्हणून ओळखले जाते. महोत्सव संपून आठवडा उलटतो न उलटतो तोच, २१ ऑगस्ट रोजी एका साहित्यिक साप्ताहिकात आदाम वाझिक या कवीची ‘प्रौढांसाठी कविता’ छापून आली. कालपर्यंत सत्तेचे गुण गाणाऱ्या या कवीने कामगारांच्या खऱ्या हालांना वाचा फोडली होती. संपादकाची नोकरी गेली, पण कविता हातोहात फिरली. जून १९५६ मध्ये पोझनानचे कामगार रस्त्यावर उतरले. ऑक्टोबरमध्ये राजवट बदलली आणि कार्डिनल व्यिशिन्स्की मुक्त झाले. हे सारे महोत्सवामुळे घडले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. स्टालिनचा मृत्यू, क्रुश्चेव्हचे गुप्त भाषण, महागाई अशी मोठी कारणे त्यामागे होती. परंतु बंद खोलीची खिडकी एकदा उघडली की आतल्या माणसांना हवेची सवय लागते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

मॉस्कोचा सहावा महोत्सव या साऱ्यांचा कळस होय. २८ जुलै ते ११ ऑगस्ट १९५७, १३१ देश, ३४,००० पाहुणे. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीचा उठाव चिरडला होता आणि कार्डिनल मिन्सेन्टी बुडापेस्टच्या अमेरिकन दूतावासात आश्रयाला होते. जगासमोर आपला डागाळलेला चेहरा उजळावा, हा क्रुश्चेव्ह सरकारचा उघड हेतू होता. त्यासाठी शहर घासूनपुसून लख्ख करण्यात आले. एका लांबलचक हमरस्त्याला ‘शांतता मार्ग’ असे नाव देण्यात आले. ते आजही टिकून आहे. पाहुण्यांना मिरवत नेण्यासाठी मालमोटारी निरनिराळ्या रंगांनी रंगवल्या होत्या.

आणि उद्‌घाटनाच्या दिवशी सारे नियोजन कोलमडले. मालमोटारी क्रीडांगणाकडे निघाल्या, तो रस्त्यांवर लाखो मॉस्कोवासी लोटले. छपरांवर, खिडक्यांत, झाडांवर माणसेच माणसे. मालमोटारींतून खाली आलेले हात धरण्यासाठी खालून शेकडो हात वर येत होते. गाड्या पुढे सरकेनात आणि समारंभास उशीर झाला. ज्या नगरात परदेशी माणसाशी बोलल्याबद्दल काही वर्षांपूर्वी माणसे सैबेरियात धाडली जात होती, त्या नगराने एका दुपारी तो धाक झुगारून दिला होता.

पुढील दोन आठवडे रात्री उशिरापर्यंत चौकाचौकांत घोळके जमत. दुभाषे पुरत नसत, तेव्हा खाणाखुणांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांनी काम भागे. हंगेरीत नेमके काय झाले, तुमच्याकडे कामगाराला पगार किती, तुम्ही देवळात जाता का, असे प्रश्न दोन्हीकडून होत. परराष्ट्र खात्याचा विरोध न जुमानता सुमारे दीडशे अमेरिकन तरुण आले होते. कोलंबियाचा एक अप्रसिद्ध पत्रकार लोकनर्तकांच्या पथकाबरोबर आला होता. त्याचे नाव गाब्रिएल गार्सिया मार्केस. इस्राएलच्या पथकाची कथा तर अधिक हृद्य आहे. सोव्हिएत देशात यहुदी भाषा, यहुदी शाळा, यहुदी नाट्यगृहे बंद करण्यात आली होती. इस्राएलचे तरुण आल्याचे कळताच दूरदूरच्या शहरांतून यहुदी लोक आगगाडीने मॉस्कोला आले, केवळ त्यांना पाहण्यासाठी, त्यांच्याकडून एखादे गाणे ऐकण्यासाठी. पुढे सोव्हिएत यहुद्यांत जी जागृती झाली, तिच्या आठवणींत या दिवसांचा उल्लेख वारंवार येतो.

यजमानांना हे नको होते. गुप्त पोलीस गर्दीत मिसळलेले होते आणि महोत्सव संपल्यावर काहींना त्याची किंमत मोजावी लागली. परंतु मॉस्कोची ती पिढी पुढे आयुष्यभर ‘महोत्सवापूर्वी’ आणि ‘महोत्सवानंतर’ अशी काळाची विभागणी करीत राहिली.

दोन्ही बाजूंचे सूत्रधार

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की लबाडी एकाच बाजूस होती. १९५९ चा महोत्सव प्रथमच साम्यवादी देशांबाहेर, तटस्थ ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना नगरीत भरला. त्याला उत्तर म्हणून अनेक भाषांत वृत्तपत्रे छापून वाटण्यात आली आणि पाहुण्यांना हंगेरीच्या सीमेवरील काटेरी तारा दाखवण्यासाठी बसगाड्या ठेवण्यात आल्या. काही अमेरिकन तरुणांना तेथे धाडणाऱ्या संस्थेचा खर्च अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने चालवला होता, हे १९६७ मध्ये उघडकीस आले. म्हणजे एका बाजूने मैत्रीचा देखावा आणि दुसऱ्या बाजूने स्वातंत्र्याचा देखावा. आणि दोहोंच्या मध्ये खरोखरच काही जाणून घेण्यासाठी आलेली मुले.

नववा महोत्सव १९६८ च्या उन्हाळ्यात बल्गेरियाच्या सोफिया नगरीत झाला. त्या वेळी चेकोस्लोव्हाकियात स्वातंत्र्याचे वारे वाहत होते आणि तेथील तरुणही आले होते. ६ ऑगस्टला महोत्सवाचा समारोप झाला. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि त्या स्वारीत यजमान बल्गेरियाचे सैनिकही सामील होते. ज्या नगरीत शांततेचा पहिला महोत्सव भरला, तिच्यावर शांततेच्या ताज्या यजमानाने चाल केली! महिन्याभरातच, ८ सप्टेंबर रोजी, वॉर्साच्या त्याच क्रीडांगणात सुगीच्या उत्सवासाठी जमलेल्या हजारो लोकांसमोर रिषार्द शिवेत्स नावाच्या एका पोलिश गृहस्थाने या स्वारीच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतले. पाच मुलांचा हा बाप चार दिवसांनी मरण पावला. सरकारने ती वार्ता दडपून टाकली. त्याच क्रीडांगणात १७ जून १९८३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लाखोंच्या उपस्थितीत मिस्साबलिदान अर्पण केले. क्रीडांगण बांधणाऱ्याला आपल्या मातीत पुढे काय उगवणार आहे, याची कल्पना नसते.

पान्मुन्जोमची रेषा

या मालिकेतील सर्वांत विलक्षण घटना मात्र युरोपपासून फार दूर घडली. १ जुलै १९८९ रोजी तेरावा महोत्सव उत्तर कोरियाच्या प्याँगयांग येथे सुरू झाला. आदल्या वर्षी दक्षिणेच्या सोल नगरीत ऑलिंपिक झाले होते; त्याच्या तोडीस तोड काही करून दाखवावे म्हणून उत्तरेने दीड लाख माणसे बसतील असे अवाढव्य क्रीडांगण बांधले. १७७ देशांतून २२,००० पाहुणे आले. बीजिंगच्या तिआनानमेन चौकात विद्यार्थ्यांचे रक्त सांडून तेव्हा महिनाही झाला नव्हता.

दक्षिण कोरियाच्या विद्यार्थी संघटनेने या महोत्सवास प्रतिनिधी धाडण्याचे ठरवले, पण सरकारने परवानगी नाकारली. तेव्हा लिम सू-क्युंग नावाची फ्रेंच भाषेची एक विद्यार्थिनी एकटीच टोकियो आणि बर्लिन असा वळसा घालून ३० जूनला प्याँगयांगला पोहोचली. तिचे वय अवघे वीस-एकवीस, धर्माने कॅथलिक. सोल ते प्याँगयांग हे अंतर दोनशे किलोमीटरही नाही. ते कापण्यासाठी तिला अर्ध्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालावी लागली.

उत्तरेच्या सत्ताधाऱ्यांनी तिचा भरपूर उपयोग करून घेतला, यात संशय नाही. तिचे फोटो, तिची भाषणे, तिचा जयजयकार. पण जे त्यांना दाखवायचे होते त्याहून अधिक लोकांनी पाहिले. पुढे दक्षिणेत पळून आलेल्या कित्येकांनी सांगितले आहे की, जीन्स घातलेली, हातात कागद न घेता मनातले बोलणारी ती मुलगी पाहून ते थक्क झाले. गुलामगिरीत पिचलेल्या दक्षिणेचे जे चित्र त्यांना शिकवले गेले होते, त्यात ती कोठेच बसत नव्हती.

आपण पान्मुन्जोमच्या सीमेवरून चालत घरी जाणार, असे तिने जाहीर केले. १९५३ च्या युद्धविरामापासून सामान्य माणसाला त्या रेषेवरून जाण्यास मज्जाव होता. दक्षिणेत परतल्यावर तुरुंग अटळ होता. तेव्हा न्यायासाठी झटणाऱ्या दक्षिणेतील कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने आपल्यातील एकास, फादर मून क्यू-ह्यून यांना, तिच्या सोबतीस उत्तरेत धाडले. मुलीने एकटीने ती रेषा ओलांडू नये, एवढाच त्यामागील विचार. १५ ऑगस्ट १९८९ रोजी ती दोघे चालत दक्षिणेत आली आणि तत्काळ पकडली गेली. तो दिवस कोरियाच्या मुक्तीचा वर्धापनदिन, तसाच पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली दोघांनाही शिक्षा झाली. १९९२ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली.

फादर मून यांच्या कृतीवर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. उत्तरेच्या प्रचाराला धर्मगुरूने हातभार लावला, असे म्हणणारे थोडे नव्हते. आम्ही त्या वादात निवाडा देऊ इच्छित नाही. आम्हांला एवढेच दिसते की, दोन सरकारांच्या मध्ये एक मुलगी अडकली असता एक धर्मगुरू तिच्याबरोबर चालला आणि तिच्याबरोबर तुरुंगात गेला. मेंढपाळाकडून याहून वेगळी अपेक्षा कोणी करावी?

क्रूसाची वाट

योगायोग असा की, त्याच आठवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनच्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे जागतिक युवा दिनासाठी लाखो तरुण पायी चालत जमत होते. या दुसऱ्या मालिकेचा आरंभ १९८४ मध्ये रोम येथे झाला. त्या वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी एक साधा लाकडी क्रूस तरुणांच्या हाती सोपवला. १९८५ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय युवक वर्ष. त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी तरुण रोममध्ये जमले, तर उन्हाळ्यात मॉस्को येथे बारावा महोत्सव भरला. त्याच वर्षी तो क्रूस पोलादी पडद्याआड प्रागला, वृद्ध कार्डिनल तोमाशेक यांच्याकडे नेण्यात आला. १९४७ मध्ये जेथे पताका फडकल्या होत्या, त्या नगरीत तो गाजावाजाविना पोहोचला. फेब्रुवारी १९८६ मध्ये परमगुरू मुंबईच्या शिवाजी पार्कवर तरुणांशी बोलले आणि पुढच्याच महिन्यात धर्मप्रांतांतून पहिला जागतिक युवा दिन साजरा झाला.

या दोन वाटा एकमेकींना भेटल्या त्या ऑगस्ट १९९१ मध्ये, पोलंडच्या चेन्स्तोहोवा येथे. बर्लिनची भिंत पडली होती. दहा लाखांहून अधिक तरुण माता मारियेच्या त्या तीर्थस्थानी आले आणि त्यांत सोव्हिएत संघातील हजारो मुले-मुली होती. मॉस्कोच्या रस्त्यांवर १९५७ मध्ये ज्यांनी मालमोटारींकडे हात उंचावले, त्यांच्या मुलांची ही पिढी. १५ ऑगस्टला सोहळा संपला. चारच दिवसांनी मॉस्कोत जुन्या सत्ताधाऱ्यांनी बंड केले, ते तीन दिवसांत फसले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ उरला नाही.

आपल्यासाठी बोध

या कथेचा शेवट ‘त्यांचे महोत्सव हरले आणि आपले जिंकले’ असा करणे सोपे आहे. पण तो अप्रामाणिकपणा होईल. पहिली गोष्ट अशी की, महोत्सव संपलेले नाहीत. हवाना, कराकास, प्रिटोरिया, कीटो अशी वाट चालत २०१७ मध्ये ते सोचीला पोहोचले. मार्च २०२४ मध्ये, युक्रेनमध्ये युद्ध धगधगत असताना, रशियाने त्याच सोचीजवळ पुन्हा एक जागतिक युवक मेळावा भरवला. शांततेचा शब्द आणि रणगाडे एकाच घरात नांदू शकतात, हा १९६८ चा धडा शिळा झालेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. आपले मेळावेही निशाणांचे, घोषणांचे आणि आकड्यांचे होऊ शकतात. मनिलात किती लाख आले, लिस्बनमध्ये किती, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु मेळाव्याचे माप आकड्यांत नसते. आपल्यातील एखादा तरुण परत आल्यावर कोणाशी बोलू लागला, ज्याच्याशी पूर्वी बोलत नव्हता, यात ते असते. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मधील ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात चूक आणि चुकणारा माणूस यांत भेद करावयास शिकवले. चुकीच्या विचाराला विरोध करतानाही माणसाची प्रतिष्ठा विसरू नये, असे त्यांनी बजावले. महोत्सवांच्या इतिहासावर याहून नेमके भाष्य नाही. निशाणाला भिऊन घरी राहिलेल्यांची भीती खोटी नव्हती. परंतु १९५७ मध्ये मॉस्कोच्या चौकात हंगेरीविषयीचा प्रश्न जर विचारला गेला, तर तो तेथे गेलेल्यांनीच विचारला, घरी राहिलेल्यांनी नव्हे.

म्हणून आम्हांला दोन कसोट्या महत्त्वाच्या वाटतात. मेळाव्यात अनुपस्थितांची, बंदिवानांची, नको असलेल्यांची नावे घेता येतात काय? आणि ज्याच्याविषयी आपल्याला सावध केले गेले आहे, त्याच्याशी तेथे मोकळेपणी बोलता येते काय? या कसोट्या जागतिक सोहळ्यांना लागू आहेत, तशाच धर्मग्रामाच्या युवक शिबिरालाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बन येथे पोप फ्रान्सिस यांनी पुढील जागतिक युवा दिन २०२७ मध्ये सोल येथे भरेल, असे जाहीर केले. ज्या नगरीतून एक मुलगी अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून निघाली आणि तुरुंगाच्या वाटेने परतली, तीच ही नगरी. तेथून पान्मुन्जोमची रेषा पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहे. देशोदेशीचे तरुण तेथे जमतील, तेव्हा रेषेपलीकडचे तरुण त्यांत असतील काय, हे कोणाच्याच हाती नाही. परंतु त्यांची आठवण काढणे, त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करणे, हे जमलेल्या प्रत्येकाच्या हाती आहे. आणि आपल्या धर्मग्रामांतून जे कोणी जातील त्यांना निरोप देताना एवढे एकच सांगावे असे आम्हांला वाटते.